घरातल्या चौघांचा एकच लॅपटॉप: स्पायवेअर आणि नको ती सॉफ्टवेअरं कशी रोखायची?

प्रश्न
विंडोज ११ आहे. आई, बाबा, मी आणि नववीतला भाऊ, सगळे एकाच खात्यावरून वापरतो, पासवर्ड नाही. हल्ली कोपऱ्यात 'तुमच्या संगणकात ५ व्हायरस' अशा सूचना येतात, आणि क्रोममध्ये काही शोधलं की भलतंच सर्च पान उघडतं. अँटिव्हायरस विकत घ्यावा की फॉरमॅट मारावं?

प्रतिसाद १
इतक्यात दोन्ही नको. सूचनेत एखाद्या साइटचा पत्ता दिसत असेल, तर त्या साइटवर कुणीतरी 'अलाउ' दाबलंय. सूचनेवर क्लिक करू नका. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स इथे जाऊन अनोळखी साइट काढून टाका.

सर्च पान बहुतेक वेळा एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेलं छोटं सॉफ्टवेअर) बदलतं. ते काढायचं बटणच चालत नसेल आणि क्रोमच्या मेनूत तळाशी 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' दिसत असेल, तर ते पॉलिसीतून, म्हणजे वापरणाऱ्याला बदलता न येणाऱ्या सक्तीच्या नियमातून, लादलेलं असू शकतं. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जची अंतर्गत नोंदवही) एचकेएलएम (HKEY_LOCAL_MACHINE), सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम याखाली 'एक्स्टेन्शनइन्स्टॉलफोर्सलिस्ट' (सक्तीने बसवलेल्या एक्स्टेन्शनांची यादी) सापडते का बघा. काही अँटिव्हायरसही क्रोमला पॉलिसी लावतात, म्हणून त्या एक्स्टेन्शनचा आयडी यादीतल्या आयडीशी जुळवल्याशिवाय काही पुसू नका.

मग विंडोज सिक्युरिटीतून डिफेंडरचं (विंडोजमधलाच अँटिव्हायरस) ऑफलाइन स्कॅन चालवा. लॅपटॉप रीस्टार्ट होतो आणि साधारण १५ मिनिटं लागतात, तेव्हा उघडं काम आधी सेव्ह करा.

प्रतिसाद २
मूळ दुखणं त्या एकाच खात्यात आहे. ते ॲडमिनिस्ट्रेटर (सगळे अधिकार असलेलं खातं) असणार, म्हणजे भावाने 'येस' दाबलं की उतरवलेल्या फाइलला अख्खा संगणक मोकळा.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी नवीन ॲडमिन खातं काढा, पासवर्ड ठेवा, त्यात लॉगिन करा आणि मगच जुनं खातं 'स्टँडर्ड' (मर्यादित अधिकारांचं) करा. जुन्या फाइली, डेस्कटॉप जिथल्या तिथे राहतात. बाकीच्यांना वेगळी स्टँडर्ड खाती द्या. ॲडमिन पासवर्ड भावाला सांगू नका, नाहीतर सगळी मेहनत वाया.

एक भोक तरीही उरतं: एक्स्टेन्शनं आणि ॲपडेटा (प्रत्येक खात्याच्या स्वतःच्या) फोल्डरात बसणारी सॉफ्टवेअरं ॲडमिन पासवर्ड न मागताच बसतात. त्यासाठी विंडोज सिक्युरिटीत ॲप अँड ब्राउझर कंट्रोल, रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन इथे 'पोटेन्शियली अनवाँटेड ॲप ब्लॉकिंग'च्या (नको ती सॉफ्टवेअरं अडवणाऱ्या) दोन्ही खुणा चालू करा. त्यातलं 'ब्लॉक डाउनलोड्स' फक्त एज या मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरपुरतं चालतं, क्रोमला त्याचा उपयोग नाही.

प्रश्नकर्ता
धन्यवाद! बाबांनी मराठी टायपिंगचं काहीतरी उतरवलं होतं, भावाने एका गेमचा क्रॅक (पैसे न भरता चालवायची फाइल). त्यातून आलं असेल?

प्रतिसाद २
दोन्हीतून येऊ शकतं. मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच आहे. सेटिंग्जमधल्या भाषेच्या पानावर मराठी जोडा आणि उतरवलेलं काढून टाका.

क्रॅकची काळजी जास्त. अशा फाइलींसोबत येणारी चोर सॉफ्टवेअरं ब्राउझरमधले पासवर्ड आणि कुकीज (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या नोंदी) उचलतात. कुकी हाती लागली की पासवर्ड आणि ओटीपीशिवायही चालू लॉगिन वापरता येतं. क्रॅक खरंच चालवला असेल तर माझं मत बदलतं: फोटो, कागदपत्रं बाहेर काढा आणि विंडोज नव्याने टाका. आजच फोनवरून ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदला, आणि ईमेलमध्ये 'सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट' करा. या लॅपटॉपवरून बदललेत तर नवे पासवर्डही चोरांच्याच हाती जातील.