चर्चगेटच्या पुढचं कुलाबा

काही जणांना वाटतं की मुंबईत पश्चिम रेल्वे पहिल्यापासून चर्चगेटलाच संपते, तर तसं नाही. आधी गाडी चर्चगेटच्या पण पुढं कुलाब्यापर्यंत जायची. बीबीसीआयचं (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, म्हणजे पश्चिम रेल्वेच्या आधीची कंपनी) टर्मिनस तिथं होतं, लोकल पण तिथनंच सुटायच्या आणि लांबच्या गाड्या पण. मुळात कुलाबाच का, तर कापूस! जुनं कॉटन ग्रीन, म्हणजे कापसाचा बाजार, कुलाब्यालाच होतं, ससून डॉक पण जवळच, त्यामुळं माल थेट बंदराशेजारी येऊन पडायचा. नंतर कापसाचा बाजार शिवडीकडं गेला आणि बॅकबेच्या भरावासाठी (समुद्रात भर टाकून नवी जमीन करायच्या कामासाठी) सरकारला ती जमीन पाहिजे झाली. मला सगळ्यात वाईट वाटतं ते ह्याचं की जानेवारी १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली विजेच्या लोकल सुरू झाल्या आणि तीन वर्षं पण पुरी व्हायच्या आत, ३१ डिसेंबर १९३० ला स्टेशन कायमचं बंद!! त्याच महिन्यात १८ तारखेला मुंबई सेंट्रल उघडलं, लांबच्या गाड्या तिकडं गेल्या आणि लोकल चर्चगेटलाच संपायला लागल्या. कुलाब्याच्या जागेवर आता बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची कॉलनी आहे.

आमच्या कोल्हापूरचं स्टेशन १८९१ चं, ते पण टर्मिनसच, रूळ इथंच संपतात. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला उतरलो की मी एकदा तरी कुलाब्याला चक्कर मारतो. तिथं निदान एक पाटी तरी लावायला पाहिजे राव.