स्टिअरिंगचं लेदर सोलपटतंय: कव्हर घालू, शिवून घेऊ की नवीनच बसवू?

खडीसाखर
नमस्कार मंडळी. गाडी २०१४ ची हॅचबॅक, वरचं व्हेरिएंट. आधी बाबा चालवायचे, आता माझ्याकडे आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा 'किती ॲव्हरेज देते' वर जाईल. इंजिन ठणठणीत, पण स्टिअरिंगची पार रया गेलीय. दोन्ही बाजूंना हात असतात तिथला वरचा थर सुटलाय, हाताला काळे कण लागतात आणि पावसाळ्यात सगळं चिकट होतं. मी रत्नागिरीत राहते, म्हणजे वर्षातले चार महिने हेच. फिक्या रंगाचा कुर्ता घालून गाडी चालवायची सोय राहिलेली नाही.
साधं कव्हर घालू, रंगवून मिळतं का, लेदर शिवून घेऊ की चाकच बदलू? कोल्हापूर-पुण्याला जाणं असतं. एअरबॅग आहे, म्हणून कुणाच्याही हातात गाडी द्यायला धजत नाही.

पाचवा गिअर
ऑनलाइन रबरी कव्हर मागवा, चढवा, विषय संपला. एवढ्यासाठी धागा?

मिऱ्याबंदर
विषय संपत नाही हो. खालचा थर चिकट आणि भुसभुशीत असेल तर त्यावर कुठलंही कव्हर टिकून बसत नाही. घाटातल्या वळणावर कव्हर हातात फिरतं आणि चाक जागच्या जागी. घालायचंच असेल तर बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत व्यास मोजून घ्या. बऱ्याच हॅचबॅकना ३७-३८ सेंमीचं, म्हणजे मीडियम लागतं. चढवताना घाम फुटला तर माप बरोबर. आरामात चढलं तर परत पाठवा.

अर्धा कप
वाचतेय. माझ्याही गाडीचं हेच झालंय. कोविडच्या वेळी गाडीत बसताना सॅनिटायझर, उतरताना सॅनिटायझर.

टाकेवाला
माझं सीट आणि कुशनचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, आधी मूळ स्टिअरिंग कशाचं आहे ते बघा. आतल्या कडेने शिवण दिसते का? असेल तर लेदर किंवा रेक्झिन चढवलेलं आहे. शिवण नसून साच्याची बारीक रेघ दिसत असेल तर तो पीयू (पॉलियुरेथेन, एक प्रकारचं प्लॅस्टिक) फोम, थेट धातूच्या सांगाड्यावर ओतलेला. सोलपटलं आहे तिथे नखाने बघा: खाली केसांसारखे तंतू दिसले तर खरं लेदर. विणलेलं कापड दिसलं तर रेक्झिन, मग विक्रीच्या वेळी कुणी काहीही सांगितलेलं असो.

दुसरं, नुसतं चकाकतंय म्हणजे झिजलंय असं नाही. चांगलं लेदर मॅट असतं. चकाकी असते ती हाताच्या तेलाची, घामाची, क्रीमची. पांढरं सुती फडकं कोमट पाण्यात आणि सौम्य साबणात बुडवून घट्ट पिळा आणि पुसा. राखाडी-तपकिरी मळ निघाला आणि खालून मॅट पृष्ठभाग आला, तर खर्चच नाही. अशी निम्मी गिऱ्हाईकं मी फडकं देऊन परत पाठवतो (धंद्याला वाईट, पण काय करणार). फडक्यावर काळा रंगच उतरायला लागला तर वरचा थर गेला म्हणायचं. सॅनिटायझरमधलं अल्कोहोल नेमका तोच थर खातं. अंगठी, ऊन आणि घामातलं मीठ बाकीचं काम करतात. किनाऱ्यावर पीयूचा थर दमट हवेने आतून विघटित होऊन चिकट होतो. तो कितीही धुतला तरी पुन्हा चिकटणार.

थर गेलाय पण लेदर फाटलेलं नाही, अशा वेळी रंगकाम जमतं. साफ करायचं, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एकच हात, ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने अलगद घासायचं, खड्डे असतील तर लेदर फिलर पातळ पातळ भरायचा, मग स्पंजने लेदरचा रंग आणि शेवटी मॅट टॉप कोट. प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यायचा. बुटाचं पॉलिश लावायचं डोक्यात असेल तर काढून टाका. ते हाताला येतं आणि चाक बुळबुळीत होतं. डॅशबोर्ड चमकवायचं सिलिकॉन पॉलिशही तसलंच.

तुमच्या वर्णनावरून मात्र रंगकाम टिकेल असं वाटत नाही. सुटणारा सगळा थर खरवडून वरून शिवून घ्या. लेदर १ ते १.२ मिमी जाडीचं, मऊ, गाड्यांसाठी कमावलेलं हवं. जाड घेतलं तर आऱ्यांपाशी गोळा होतं. कोल्हापुरात जाताय म्हणून सांगतो, चपलेचं चामडं कुणी सुचवलं तर हसून सोडून द्या. ते ताठ असतं, या गोलाईला वळणार नाही. हात असतात त्या दोन्ही बाजूंना बारीक छिद्रांचं लेदर घ्या, घाम जिरतो.

पाचवा गिअर
बरं, माघार. शिवताना चाक काढावं लागतं का?

टाकेवाला
गाडीवरच शिवता येतं आणि बहुतेक जण तसंच शिवतात. आऱ्यांच्या खाचेत टोक नीट दाबायचं असेल तर काढलेलं बरं, कारण फिनिशिंग तिथेच कळतं. पण ते काढणं माझं काम नाही, गॅरेजचं.

घाटमाथा
इथे मी बोलतो, माझं गॅरेज आहे. एअरबॅग असलेलं स्टिअरिंग काढताना आधी बॅटरीची मायनस वायर सोडायची आणि मॅन्युअलमध्ये दिलेली मिनिटं गप्प थांबायचं. एअरबॅगच्या युनिटमध्ये थोडा वेळ चार्ज राहतो. घाई करणारा मेकॅनिक दिसला की चावी परत घ्या. काढलेली एअरबॅग नक्षीची बाजू वर करून ठेवायची, पालथी कधीच नाही. तिच्या कनेक्टरला मल्टिमीटर लावायचा नाही.

चाकामागे क्लॉक स्प्रिंग असते, म्हणजे हॉर्न आणि एअरबॅगची गुंडाळलेली चपटी वायर. गाडीची पुढची चाकं सरळ करून स्टिअरिंग काढायचं आणि क्लॉक स्प्रिंग हलू नये म्हणून टेप मारायची. ती एक फेरा जरी इकडेतिकडे फिरली तर नंतर पूर्ण वळण घेताना वायर तुटते, एअरबॅगचा दिवा लागतो, हॉर्न मुका होतो. शाफ्ट आणि चाकावर खूण करून ठेवायची, नाहीतर गाडी सरळ जाते आणि स्टिअरिंग तिरकं. नट टॉर्क रेंचनेच (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना) आवळायचा, 'हाताला कळतं' वाल्यांकडून नाही.

मिऱ्याबंदर
आणि चाकच बदलायचं म्हटलं तर? मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुनं मिळतं, पुण्यात नाना पेठेत.

घाटमाथा
मिळतं, पण ते कुठल्या गाडीचं हे कोण सांगणार? ठोकलेल्या गाडीचं असेल तर रिंग किंचित वाकलेली असू शकते. सपाट काचेवर ठेवून बघा, डुलली तर नको. एअरबॅग स्वतःचीच ठेवा, जुन्या बाजारातली कधीच घेऊ नका. तुमची एअरबॅग त्या चाकात बसायला व्हेरिएंट आणि साल जुळावं लागतं. ऑडिओची बटणं असतील तर क्लॉक स्प्रिंगच्या पिनाही. शोरूममधून नवं घेतलं तर बहुतेक वेळा नुसतं चाक येतं, एअरबॅग वेगळी. आहे ती चालते, पण चाकाचा भाव ऐकून तुम्ही शिवणीकडेच वळाल. बाजारातलं बिनएअरबॅगचं 'स्पोर्ट्स' स्टिअरिंग? विचारूच नका. नव्या गाड्यांना चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली आणि लोक आहे ती काढून लाल टाक्यांचं छोटं चाक बसवतात.

नाना_फियाटवाले
थोडं अवांतर. माझ्या पद्मिनीच्या स्टिअरिंगला भेगा आहेत. कडक प्लॅस्टिक, आत लोखंडी कडं. उन्हात दोन्ही वेगवेगळं प्रसरण पावतं, म्हणून तडकतं. शिवून घेऊ का?

टाकेवाला
नाना, झाकू नका, भरा. भेग करवतीच्या पात्याने इंग्रजी व्हीच्या आकारात रुंद करा, लोखंडाचा गंज घासा, एपॉक्सी भरा. एम-सीलही चालतं, फक्त थोडं वर उचलून भरा आणि कडक झाल्यावर घासा. मग प्रायमर, मग रंग. तुमच्या गाडीत एअरबॅग नाही, घरी निवांत काढा.

खडीसाखर
सगळ्यांचे आभार. फडकं फिरवून बघितलं: काळा रंग उतरतोय, शिवण आहे आणि खाली कापड निघालं. म्हणजे 'लेदर' नव्हतंच! बाबांना अजून सांगितलेलं नाही. कोल्हापुरात गाडीवरच शिवून घेईन, चाक न काढता. शिवणाऱ्याला काय बजावू?

टाकेवाला
एअरबॅगच्या झाकणावर लेदर, डिंक, स्टिकर काही जाता कामा नये. ते झाकण ठरलेल्या रेषेवरच फाटायला बनवलेलं असतं. दोरा मेण लावलेला पॉलिएस्टरचा, सुती नको, तुमच्याकडच्या दमटपणात कुजतो. आधीचा सुटा थर काढल्याशिवाय वर काही चढवायचं नाही, खाली गुठळ्या राहतात. पैसे देण्याआधी दोन्ही हातांनी लेदर पिळून बघा, रिंगवर सरकलं तर परत ताणायला लावा. आणि गाडी तिथून हलवण्याआधी हॉर्न वाजवून बघा.

अर्धा कप
दोरा लाल घेऊ का? माझ्या गाडीला शोभेल.

टाकेवाला
घ्या, पण हाताचा मळ लाल दोऱ्यावर आधी दिसतो. काळा किंवा गडद राखाडी बरा.