पंचवीस पानांचं खतखतं: वाटण कधी घालायचं?

फोंड्याला आमच्या इमारतीत हल्ली रविवारचं जेवण बाहेरून मागवत नाही. प्रत्येक घरातून एक पदार्थ, तोही सगळा घरी केलेला. या वेळी खतखतं (डाळ आणि खोबऱ्याचं वाटण घालून केलेली गोव्याची मिश्र भाजी) माझ्याकडे आलंय.

चौघांपुरतं नेहमी करते. मोठ्या टोपात करून पाहिलं तर सुरण कचकचीत आणि तांबडा भोपळा पार विरघळलेला. मग सुरण, कणगं (रताळ्यासारखा कंद), मक्याचे तुकडे आधी शिजवून भोपळा शेवटी घातला. भाज्या सुधारल्या, पण परत गरम करताना ओल्या खोबऱ्याचं वाटण फुटलं, वर तेल तरंगायला लागलं. (चव बरी होती, पण असं वाढणार कसं?)

तूरडाळ, सोलं (आमसुलं), गूळ नेहमीचंच. तिरफळं (मसाल्याची छोटी फळं) सुकी आहेत, बिया काढून घालते. टोप फ्रीजमध्ये मावत नाही, सकाळी नऊनंतर गॅस मोकळा नाही आणि पानं एकला मांडतात. कुकर कृपया सुचवू नका, सगळ्याचा लगदा होतो.

तर भाज्या आणि डाळ आदल्या रात्री शिजवून वाटण सकाळीच घालावं, की या दमट हवेत डाळ रात्रीतच आंबेल? आणि पंचवीस जणांना नारळ किती धरू?