आकाशात काही दिसलं की 'गूढ' म्हणून छापायचं, खुलासा मात्र कुठेच नाही. पेपरवाल्यांचं हे बरोबर आहे का?

तापीकाठचा, जळगाव
परवा आमच्या पेपरच्या जिल्हा पानावर बातमी होती, आकाशात गूढ दिव्यांची रांग, नागरिकांत घबराट. फोटो व्हॉट्सॲपवरून उचललेला. आता ही रांग म्हणजे स्टारलिंकचे, इंटरनेट पुरवणारे उपग्रह हे आमच्या गल्लीतल्या आठवीच्या पोराने फोटो बघितल्या बघितल्या सांगितलं. मे २०१९ मध्ये पहिले ६० सोडले तेव्हापासून जगभर लोक ही रांग बघताहेत. सोडल्यानंतर काही दिवस ते एकामागे एक चालतात, खाली अंधार पडला तरी तेवढ्या उंचीवर ऊन असतं म्हणून चमकतात, नंतर पांगतात आणि वर सरकून मंद होतात. एवढं लिहायला किती ओळी लागतात? चार. पण बातमीचा शेवट काय, तर 'याबाबत उलटसुलट तर्कवितर्क लढवले जात आहेत'. कोण लढवतंय? बातमी लिहिणाराच.

माझं म्हणणं बातमी छापू नका असं अजिबात नाही. लोकांनी बघितलं ते छापाच. पण खुलासा मिळाला की तो त्याच पानावर, तेवढ्याच जागेत, तेवढ्याच मोठ्या हेडिंगने छापा. गूढ चार कॉलम आणि खुलासा शून्य, ही कुठली पत्रकारिता?

निवृत्त_डेस्क
बरीच वर्षं जिल्हा पान लावलंय म्हणून बोलतो. तुम्हाला वाटतं तसं कोणी बसून गूढ शिजवत नाही हो. तालुक्याचा बातमीदार म्हणजे पूर्णवेळ माणूस नसतोच, त्याचं स्टेशनरीचं नाहीतर मोबाईलचं दुकान असतं, मानधन सांगायची लाज वाटेल एवढं, वर्धापनदिनाला जाहिरातींचं टार्गेट मात्र न चुकता. त्याला रात्री आठला फोन येतो की आकाशात काहीतरी चाललंय. डाक आवृत्तीचं पान नऊच्या आसपास सोडायचं असतं, कारण गाडी नवापूर, अक्कलकुव्याला पहाटे पोचली पाहिजे. त्या तासाभरात तो विचारणार कोणाला? तहसीलदार म्हणतात माहिती घेतो, पोलीस म्हणतात आमच्याकडे तक्रार नाही, कॉलेजचे फिजिक्सचे सर फोन उचलत नाहीत. मग 'नेमके काय हे समजू शकले नाही' असं लिहिलं तर ते खोटं आहे का? त्या क्षणाला तेच खरं असतं.

तापीकाठचा, जळगाव
काका पहिल्या दिवसाचं मान्य. मी तिसऱ्या दिवसाचं विचारतोय. तिसऱ्या दिवशी तर डाक आवृत्तीची गाडी आडवी येत नाही ना?

केळी_बाग, रावेर
मी २ एप्रिल २०२२ चं सांगतो, डोळ्यांनी बघितलंय. गुढीपाडवा होता, गुढी उतरवून झाली होती, पावणेआठच्या सुमारास आम्ही ओट्यावर बसलेलो आणि शेजारचा पोरगा ओरडला. गुजरातच्या बाजूने एक पेटता गोळा येतोय, त्याच्या मागे अजून दोन तीन, सगळ्यांना लांब शेपट्या, आणि आवाज काहीच नाही. सगळ्यात विचित्र म्हणजे घाई नव्हती त्याला. सरळ रेषेत आडवं चाललं होतं, मधूनच एक तुकडा सुटून मागे राहायचा आणि विझायचा, आम्ही उठून गच्चीवर जाईपर्यंत ते दिसतच होतं, मग विदर्भाकडे गेलं. म्हातारी माणसं हात जोडून उभी, पोरं मोबाईल काढून उभी.

आता खुलाशाचं ऐका. त्याच रात्री चॅनेलवाले म्हणाले उल्कावर्षाव. मग कोणी अभ्यासक म्हणाले त्याच दिवशी न्यूझीलंडहून सुटलेल्या रॉकेटचा भाग असेल. मग अमेरिकेतल्या एका खगोलशास्त्रज्ञाचं आलं की चीनच्या रॉकेटचा टप्पा आहे. तिघेही जाणकारच! मग तुम्ही सांगा, यातला कुठला खुलासा चार कॉलम छापायचा? पहिला छापला असता तर चुकीचं छापलं असतं. त्यापेक्षा 'कळले नाही' हेच प्रामाणिक होतं.

दुर्बीणवाला, धुळे
केळी_बाग भाऊ, तुम्ही जे वर्णन केलंय ना त्यातच उत्तर आहे. उल्का सेकंदाला ११ पासून ७० किलोमीटरपर्यंतच्या वेगाने घुसते, बहुतेक वेळा सेकंद दोन सेकंदात खेळ खलास. तुम्ही ओट्यावरून गच्चीवर पोचलात तरी दिसत होतं म्हणजे वेग कमी, पृथ्वीभोवती फिरणाऱ्या वस्तूचा, सेकंदाला साधारण पावणेआठ किलोमीटर, आणि तीही जवळजवळ आडवी येणारी. एवढं बघून त्याच रात्री उल्का हा पर्याय बाद करता येत होता. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ लाडबोरीला तर धातूची भलीमोठी रिंग सापडली, माणसापेक्षा मोठी, ती काय उल्केतून पडणार? ते चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचं होतं, फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेलं, वर्षभर वर फिरून खाली आलं.

म्हणून माझा तापीकाठच्या दादांना थोडा विरोध आणि डेस्कवाल्या काकांना जास्त. बातमीदाराने 'गूढ' लिहिण्याऐवजी तीन गोष्टी विचारायच्या, किती वेळ दिसलं, कुठून कुठे गेलं, तुकडे होत होते का. त्या छापल्या की खुलासा कोणीही करेल. खानदेशात १८४३ साली मानेगावला उल्का पडली, त्याची तारीख आणि दगड दोन्ही आज आहेत, कारण त्या वेळी कोणीतरी नीट लिहून ठेवलं. आपल्याकडे मोबाईल असून बातमीत दिशा नसते. 'घबराट' मात्र असते.

शिरपूरकर
वा वा. म्हणजे शेवटी सगळं रॉकेट, उपग्रह नाहीतर फुगा. हीच तर गंमत आहे, पेपरवाले गूढ छापतात ही तुमची तक्रार, माझी तक्रार बरोबर उलटी आहे. आपले पेपर हे विषय विनोदाच्या कोपऱ्यात टाकतात, हिरव्या माणसाचं चित्र लावून. अमेरिकेत जून २०२१ मध्ये सरकारच्याच अहवालात आकाशात न ओळखलेलं काही दिसल्याच्या १४४ घटना होत्या, त्यातली फक्त एक समजली, तो हवा जाणारा फुगा होता. बाकी १४३ चं काय? आपल्या इंफाळच्या विमानतळावर नोव्हेंबर २०२३ मध्ये काहीतरी दिसलं म्हणून विमानं थांबवली, हवाई दलाने राफेल पाठवलं शोधायला. हे किती दिवस छापलं? दोन.

आणि खुलाशावर एवढा विश्वास ठेवू नका. जुलै १९४७ ला अमेरिकेतल्या रॉसवेल गावच्या पेपरने लष्कराच्याच निवेदनावरून छापलं की उडती तबकडी हाती लागली, त्याच संध्याकाळी लष्कर म्हणालं हवामानाचा फुगा होता, दुसऱ्या दिवशी पेपरांनी तो खुलासा निमूट छापला. १९९४ मध्ये त्याच हवाई दलाने सांगितलं की तो साधा हवामानाचा फुगा नव्हता, रशियाच्या अणुस्फोटांचा कानोसा घ्यायला सोडलेल्या गुप्त फुग्यांपैकी होता. म्हणजे जो खुलासा मोठ्या हेडिंगने छापा म्हणताय तोच अर्धा खोटा निघाला. सत्तेचाळीस वर्षांनी.

दुर्बीणवाला, धुळे
रॉसवेलचा मुद्दा बिनतोड आहे, घेतो. पण शेवटी निघाला फुगाच ना भो! १४३ बद्दल म्हणाल तर त्यातल्या बहुतेकांची पुरेशी माहितीच नव्हती असं तोच अहवाल म्हणतो. अमेरिकन हवाई दलाने १९६९ पर्यंत अशा १२,६१८ नोंदी तपासल्या, ७०१ न उलगडता शिल्लक राहिल्या. शिल्लक म्हणजे परग्रहवासी नव्हे, शिल्लक म्हणजे शिल्लक. २०२४ च्या मार्चमध्ये पेंटागॉनच्या, म्हणजे तिथल्या संरक्षण खात्याच्या, त्याच कामासाठीच्या ऑफिसने परग्रहाच्या यानाचा पुरावा नाही असं लेखी दिलंय. ते आपल्याकडे एका कॉलमातही दिसलं नाही, निदान मला तरी.

आणि जवानांचीही फसगत होते, त्यात कमीपणा नाही. २०१२-१३ मध्ये लडाखमध्ये आपल्या सैन्याने सहा महिन्यांत ३२९ वेळा चमकत्या वस्तू नोंदवल्या, चीनचे ड्रोन असणार म्हणून. बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेने बघितलं तर निघाले गुरू आणि शुक्र. पण बघा, सैन्याने वेळ आणि जागा लिहून ठेवली होती म्हणूनच ते उलगडलं.

आप्पा_अमळनेर
राम राम मंडयी. आमना गावमा दर ग्रहणले मुसय उभं ऱ्हास आनी पेपरवाला फोटो काढाले येस. बरं मराठीत लिहितो, नाहीतर पुणेकर भाषांतर मागतील. २६ डिसेंबर २०१९ च्या ग्रहणाला आमच्या आळीत परातीत पाणी, हळदकुंकू, मधोमध मुसळ उभं, बायका ओळीने नमस्कार करताहेत. फोटो आला पेपरात, 'ग्रहणकाळात मुसळ आपोआप उभे'. आपोआप कसलं, आमच्या वहिनीने जीभ बाहेर काढून किती वेळ तोल साधला तेव्हा ते राहिलं! ग्रहण सुटलं तरी मुसळ उभंच, म्हणे आता कोण पाडणार, पाप लागेल. संध्याकाळी मांजरीने पाडलं. मांजरीचा फोटो काही आला नाही.

सायन्सवाली मॅडम, नंदुरबार
आप्पा 😄 मी वर्गात करून दाखवते ते, तळ सपाट असला की कुठल्याही मंगळवारी मुसळ उभं राहतं.

पण मला तापीकाठच्या दादांच्या 'छापाच' याला ठाम विरोध करायचाय. तुम्ही सगळे आकाशातलं बोलताय म्हणून मजा वाटते. १ जुलै २०१८ ला आपल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला काय झालं ते आठवा. मुलं पळवणारी टोळी आली या अफवेवर भिक्षुकीला आलेल्या पाच जणांना आठवडी बाजाराच्या दिवशी जमावाने ठेचून मारलं. २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात रात्रीचे ड्रोन फिरताहेत, चोर टेहळणी करताहेत म्हणून गावंच्या गावं काठ्या घेऊन जागत होती. अशा वेळी एखादा परका माणूस रस्ता चुकून गावात शिरला तर? आकाशातला दिवा असो की अंधारातला माणूस, काय आहे हे कळायच्या आत पेपराने 'परिसरात भीतीचे वातावरण' लिहिलं की ती भीती शिक्कामोर्तब होऊन घरोघरी जाते. माझ्या मते उत्तर मिळेपर्यंत छापूच नये, दोन दिवस थांबल्याने काही बिघडत नाही.

निवृत्त_डेस्क
मॅडम इथे मात्र तुमचं साफ चुकतंय, स्पष्ट बोलतो त्याबद्दल राग मानू नका. राईनपाड्याची अफवा पेपराने नाही पोचवली, ती मोबाईलवरून पोचली. तुम्ही दोन दिवस गप्प बसलात म्हणून गाव गप्प बसत नाही. पेपरात काहीच नाही म्हणजे दाबलं, असा अर्थ निघतो. उलट पहिल्याच दिवशी 'अशी टोळी असल्याची कुठलीही नोंद नाही, पोलिसांचे आवाहन' एवढं छापून आलं तर एखादा तरी माणूस ते कात्रण दाखवून जमावाला थांबवू शकतो. थांबवेलच असं नाही. पण हातात काहीतरी असतं.

सायन्सवाली मॅडम, नंदुरबार
राग नाही हो सर. पण तुम्ही सांगताय ती पोलिसांच्या आवाहनाची बातमी झाली. मी 'भीतीचे वातावरण'वाल्या बातमीबद्दल बोलतेय. त्यात घाबरलेल्या एका तरी माणसाशी बातमीदार बोललेला असतो का? लोक गच्चीवर व्हिडिओ काढत असतात, मजेत, आणि पेपरात ते घाबरलेले असतात.

केळी_बाग, रावेर
हे खरंय. आमच्याकडे त्या रात्री कोणी घाबरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी वाचून कळलं की आम्ही घाबरलेलो.

तापीकाठचा, जळगाव
सगळ्यांचं वाचून माझी मागणी थोडी बदलतो, सोडत नाही. खुलासा छापताना तो कोणाचा आणि कशाच्या जोरावर हे लिहा, म्हणजे शिरपूरकरांचंही समाधान. चुकला तर तिसऱ्यांदा छापा. न्यूझीलंड नव्हे चीन, हे छापायला लाज कसली? आणि मॅडम, न छापण्याला मी तयार नाही, काकांशी तिथे सहमत. पण डेस्कवाले काका, तिसऱ्या दिवसाचं उत्तर तुम्ही अजून दिलं नाहीये.

निवृत्त_डेस्क
देतो. तिसऱ्या दिवशी ती बातमी शिळी. त्या दिवशी कापसाचा भाव असतो, अपघात असतो, पालकमंत्र्यांचा दौरा असतो. फॉलोअप लिहिला तरी सिंगल कॉलम होतो आणि रात्री एक जाहिरात आली की पहिला तोच उडतो. हे असंच आहे, चांगलं आहे असं मी म्हणत नाहीये.

तापीकाठचा, जळगाव
राशीभविष्य कधी उडालेलं बघितलं नाही ते जाहिरात आल्यावर.

निवृत्त_डेस्क
कारण ते एक दिवस चुकलं तर सकाळी सातपासून फोन सुरू होतात. 'त्या दिव्यांचं पुढे काय झालं' असं विचारायला एकाही वाचकाचा फोन मी कधी घेतलेला नाही.

शिरपूरकर
मी केलेला इंफाळच्या वेळी! पलीकडचा म्हणाला साहेब जेवायला गेलेत.

तापीकाठचा, जळगाव
मग सगळ्यांनीच करू. त्या रांगेच्या बातमीसाठी मी उद्या सकाळी लावतो फोन, आठवीतल्या पोरालाही बसवतो शेजारी. काका, साहेब जेवायला कधी जात नाहीत तेवढं सांगून ठेवा.