मदत हवी आहे: कयाकचं लाकडी पॅडल घरीच बनवायचंय. शिवण घेऊ की देवदार?

नमस्कार मंडळी,

ग्रीनलँड पद्धतीचं, म्हणजे लांब आणि अरुंद पात्यांचं पॅडल पट्ट्या चिकटवून घरी करायचं ठरवलंय. वापर पवना आणि मुळशीच्या शांत पाण्यात, सकाळचे दोन-तीन तास. सध्याचं पॅडल अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्याचं आहे. वजन सव्वा किलोच्या आसपास, आणि डिसेंबरात दांडा हातात धरवत नाही. ‘कार्बन फायबरचं विकत घ्या’ हा सल्ला कृपया देऊ नका. किंमत बघून झालीय आणि मला रंधा मारायचाय.

माप जुन्या रीतीनं काढलंय: एक वाव (दोन्ही हात पसरून टोकापासून टोकापर्यंत) अधिक एक हात (कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत). माझं ते २१८ सेंटिमीटर येतं. मधला दांडा खांद्याच्या रुंदीपेक्षा थोडा जास्त, ५२ सेंटिमीटर. तो लंबगोल, ९ सूत बाय ११ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). पात्याची रुंदी बोटांच्या पकडीत मावेल इतकी, साडेतीन इंच.

अडलंय ते लाकडावर. परदेशी आराखड्यांत जिथे तिथे वेस्टर्न रेड सीडर. घनमीटरला ३७० किलोच्या आसपास, म्हणून त्यांचं सगळं हलकं होतं. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये मला मिळतंय ते साग, देवदार, पाइन आणि मुद्दाम विचारलं तर शिवण. आराखड्यावरून पॅडलचं आकारमान पावणेदोन लिटरच्या जवळपास निघतं. त्या हिशेबानं सागाचं ११०० ग्रॅमच्या पुढे जाईल, देवदाराचं हजाराला थोडं कमी, शिवणीचं ८५० च्या आत-बाहेर. म्हणून कल शिवणीकडे आहे. मधोमध दोन सुती सागाची पट्टी कण्यासारखी घालावी असं डोक्यात आहे.

प्रश्न असे. सागाची पट्टी मध्ये घालू की कडेला? डिंक कोणता, मरीन फेव्हिकॉल की इपॉक्सी? आमचे मेस्त्री म्हणतात, ‘साहेब, फेव्हिकॉल लावा, चार डोवेल (लाकडी खुंट्या) ठोका, मुलांच्या लग्नापर्यंत हलणार नाही.’ मेस्त्रींनी आयुष्यात कपाटं केलीत आणि कपाट कुणी धरणात बुडवत नाही, म्हणून इथे विचारतोय. आणि पावसाळा संपेपर्यंत थांबावं का?

प्रतिसाद १
साग कडेला. पॅडल झिजतं ते कडेला आणि टोकाला, काठावरच्या दगडांवर टेकवून टेकवून. ग्रीनलँडची मंडळीसुद्धा वाहून आलेल्या लाकडाची पॅडलं करून टोकांना हाडाचे तुकडे जडवत. शिवाय तुमच्या मापात मधली पट्टी पॅडलच्या पूर्ण लांबीत जाते, म्हणजे वजन हातातही येतं. शिवण सरळ रेषेची, म्हणजे लाकडाचे धागे लांबीला सरळ जाणारी, मिळाली तर कण्याची गरज नाही.

पट्ट्या उभ्या लावा, म्हणजे डिंकाच्या रेघा पात्याच्या तोंडावर लांबट दिसतील अशा. आणि एकाच फळीतून काढलेल्या पट्ट्या एकाआड एक उलटून चिकटवा, म्हणजे एकीची वाकायची ओढ दुसरी मारते. फळी निवडताना गाठीपेक्षा तिरक्या रेषांना घाबरा. गाठ डोळ्यांना दिसते. रेषा दांड्यात तिरकी बाहेर पडत असेल तर मोडल्यावरच कळतं.

डोवेल अजिबात नको. ९ सुती दांड्याला भोक म्हणजे मोडायची जागा आखून देणं.

प्रतिसाद २
डिंकाबद्दल: इपॉक्सी, सावकाश सेट होणारं. फेव्हिकॉलच्या जातीच्या डिंकाला सांधा घट्ट बसलेला आणि दाब भरपूर लागतो, हातरंध्यानं साफ केलेल्या सात फुटी पट्ट्यांना तो सगळीकडे सारखा मिळणं कठीण. इपॉक्सी फटी भरतं. उलट इथे सी-क्लॅम्प जोरात आवळायचे नाहीत, सगळं बाहेर पिळून निघतं आणि सांधा कोरडा राहतो. कडेनं बारीक मणी दिसले की थांबा.

सागाला स्वतःचं तेल असतं. चिकटवायच्या जरा आधी अ‍ॅसिटोननं पुसा, आदल्या दिवशी पुसून उपयोग नाही.

पावसाळ्यात दोन अडचणी. लाकूड ओल धरतं, नंतर मार्चमध्ये आकसतं. आणि दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो, तो पाण्यानं घासून धुतल्याशिवाय पुढचा हात धरत नाही. माझं मत, फळ्या आताच आणा, घरात आडव्या रचून मध्ये रिपा घालून ठेवा, चिकटवा दिवाळीनंतर.

एक राहिलं: मे महिन्यात पॅडल बंद गाडीत ठेवू नका. घरच्या तापमानाला सेट केलेलं इपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं.

प्रतिसाद ३
तून नावाचं लाकूड मिळतंय का बघा. मिरजेचे सतारमेकर वापरतात ते. हलकं आहे, तासायला गोड, रंगही सीडरसारखा लालसर.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. कण्याचा बेत रद्द, साग फक्त कडांना आणि टोकांना. तुनाची चौकशी करतो, पण सरळ शिवण आधी हाती लागली तर तीच. शेवटचा हात म्हणून वॉर्निश मारावं की जवसाचं तेल?

प्रतिसाद १
दांड्याला तेलच. ओल्या हातात वॉर्निश घसरतं आणि फोड आणतं. पात्यालाही तेल चालेल, फक्त टोकांवर इपॉक्सी चढवलंत तर त्यावर उन्हाला टिकणारं वॉर्निश हवं, नुसतं इपॉक्सी उन्हानं पिवळं पडून खडूसारखं होतं. डबल बॉइल्ड जवस तेल पातळ लावा, अर्ध्या तासानं पुसून घ्या, वाळू द्या, पुन्हा लावा. पुसलेली फडकी बोळा करून गच्चीच्या कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवा किंवा दोरीवर सुटी वाळत घाला.