मदत हवी आहे: डस्ट माइटमुळे फुप्फुसांत होणारा दाह नेमका कशावर टिकून राहतो?

नमस्कार. माझ्या मुलीला बालदमा आहे आणि त्वचेवरील ॲलर्जी चाचणीत डस्ट माइटची प्रतिक्रिया ठळक आली आहे. उपचार डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू आहेत, त्यामुळे हा धागा औषधांसाठी नाही. मला ही प्रक्रिया समजून घ्यायची आहे.

गादी-उशीत राहून आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगणारा हा जीव चावत नाही. त्याच्या विष्ठेत 'डेर पी १' हे प्रथिन असते, जे मुळात त्याच्या पचनाचे विकर (एन्झाइम) आहे. श्वासनलिकेच्या अस्तरातील पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारे सांधे हे विकर सैल करते. दुखावलेल्या पेशी टीएसएलपी आणि आयएल-३३ हे संकेत सोडतात, डेंड्रिटिक पेशी (बाहेरचे पदार्थ टिपणाऱ्या प्रतिकारपेशी) त्या प्रथिनाचे तुकडे लसिका ग्रंथींतील टी पेशींपुढे मांडतात आणि ॲलर्जीला चालना देणाऱ्या टीएच-२ पेशी तयार होतात. पुढे त्यांनी सोडलेल्या संकेतांपैकी आयएल-४ मुळे आयजीई ही ॲलर्जीची प्रतिपिंडे बनतात, आयएल-५ मुळे इओसिनोफिल या दाह वाढवणाऱ्या पांढऱ्या पेशी वाढतात आणि आयएल-१३ मुळे श्लेष्मा वाढतो. 'डेर पी २' हे माइटचे दुसरे प्रथिन तर मला सर्वांत विलक्षण वाटते, कारण जंतूंची चाहूल घेणाऱ्या टीएलआर-४ या ग्राहीला (रिसेप्टरला) साथ देणाऱ्या आपल्याच एमडी-२ या प्रथिनासारखी त्याची घडण असल्यामुळे ते त्या ग्राहीला चेतवू शकते.

एकदा आयजीई तयार होऊन मास्ट पेशींवर (ॲलर्जीची रसायने साठवणाऱ्या पेशींवर) बसले, की पुढच्या संपर्कात काही मिनिटांतच श्वासनलिका आकसते आणि काही तासांनी दाहाची दुसरी लाट येते, इथपर्यंत समजते. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. या टप्प्यावर विकराच्या तोडफोडीला काही महत्त्व उरते, की आयजीईने ओळखण्यापुरता प्रथिनाचा आकार शाबूत असला तरी पुरते? आपल्याकडे गाद्यांना ऊन दाखवतात. त्याने माइट मरत असले, तरी ॲलर्जीकारक प्रथिने गादीतच राहतात. उन्हाने विकर निष्क्रिय झाले तरी धोका तेवढाच राहतो का?

दुसरा प्रश्न असा, की मुलीच्याच खोलीत झोपणाऱ्या तिच्या भावाला काहीही त्रास नाही. विकर दोघांच्या अस्तरावर सारखेच काम करत असेल, तर फरक आनुवंशिकतेमुळे पडतो, अस्तराच्या मुळातल्या बळकटीमुळे, की लहानपणीच्या विषाणुसंसर्गांमुळे? प्रतिकारशक्तीशास्त्र किंवा श्वसनरोग या विषयांच्या जाणकारांनी कारणमीमांसेसह सविस्तर लिहावे, ही विनंती.