तिलापिया बर्फात टाकला तरी कल्ले हलत होते. मारायची बरी रीत सांगा

मोरीकर
शीळफाट्यापुढे दहिसर मोरीला माझ्या दोन बायोफ्लॉक टाक्या आहेत, म्हणजे पाण्यातली घाण जिवाणूच साफ करतात अशा मासे वाढवायच्या टाक्या. गिफ्ट तिलापिया (तिलापियाची सुधारित जात) चारशे ग्रॅमला आला की काढतो. आजवर हातजाळीने उचलून थेट बर्फाच्या क्रेटमध्ये टाकत आलो. रविवारी कोपरखैरण्याला क्रेट उघडला, वरचा बर्फ सारला, तर एकाचे कल्ले हळूहळू उघडझाप करत होते. निघून अर्धा तास झाला होता. त्या रात्री जेवण गेलं नाही. मासा मारणं माझा धंदा आहे, पण त्याला असं झुरवत मारायचं नाही. एका वेळी चाळीसेक मासे असतात. काय करू?

मत्स्यकन्या
दादा, तिलापिया उबदार पाण्यातला. बर्फाने त्याची हालचाल मंदावते, शुद्ध मात्र बराच वेळ असते. जागतिक पशुआरोग्य संघटनाही बर्फ, पाण्याबाहेर गुदमरवणं आणि शुद्धीत कल्ले कापणं, तिन्ही वाईटच मानते. आधी शुद्ध घालवायची, मग रक्त काढायचं, बर्फ शेवटी. चाळीस माशांना लाकडी दांडका पुरतो. मासा ओल्या गोणपाटावर दाबून धरा, डोळ्यांच्या जरा मागे, डोक्यावर एकच जोरदार फटका. हात कचरला तर त्याचेच हाल. मग त्याला कुशीवर कलवून डोळा बघा. शुद्धीत असेल तर अंग कललं तरी डोळा सरळ राहायला बघतो, बेशुद्ध असेल तर अंगाबरोबर वळतो. कल्ल्याचं झाकणही हलता कामा नये. हललं तर लगेच दुसरा फटका, मगच कल्ले कापा.

ठाणेकर_७७
करंट देऊन होत नाही का?

मत्स्यकन्या
होतं, पण त्यासाठी बनवलेल्या यंत्राने. करंट कमी पडला तर मासा नुसता लुळा पडतो, शुद्धीतच राहतो. आणि घरची वायर टाकीत सोडली तर माणूस जाईल.

दिवाळ्याची
भाऊ, सगळे एकदम उपसू नका. एक मारून होईस्तोवर बाकीचे पाण्यातच राहू देत. ढिगात तडफडलेल्या माशाचं मांस लवकर मऊ पडतं, गिऱ्हाईक बोट लावून ओळखतं.

मोरीकर
ताई, आज केलं. पहिल्या तिघांना दोन-दोन फटके लागले, त्याचं वाईट वाटलं. दांडका हलका होता, मग बाभळीचा घेतला. प्रत्येकाचा डोळा बघून मगच सुरी लावली. नेहमीपेक्षा तासभर जास्त गेला. पुढच्या खेपेला भाच्याला हातजाळीवर ठेवतो.